तिळाएवढं ऊन

कोळंबखाडीच्या महिला कारागृहात पहिल्यांदा भिंतीतून ऊन आलं, त्या सकाळी इंजिनिअर हर्षदा तोरसकर कोठडीच्या उंबऱ्यावर चपला काढून उभी होती. का काढल्या, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. छोटीशी खोली. खिडकी नाही, गज नाहीत, छताला बल्ब नाही. आणि समोरच्या चुन्याच्या गिलाव्यावर पोळपाटाएवढा एक कवडसा, आधी मळकट, मग लिंबाच्या सालीसारखा, मग चक्क पिवळाधमक होत चालला होता. बाहेर वैशाखाचा सूर्य तटावरून वर येत होता आणि आत, चार हात जाडीच्या भिंती ओलांडून, तोच सूर्य गिलाव्यावर उमटत होता.

महिला शिपाई रोझी फर्नांडिस तिच्या खांद्यावरून डोकावली. "मॅडम, ह्या उन्हात सांडगे वाळतील काय?"

"वाळतील. मिरच्यासुद्धा वाळतील."

"मग औंदाचं वाळवण हयच घालू. कावळ्यांचा तरी त्रास नाय."

हर्षदा हसली. सहा वर्षं कागदावर असलेलं ऊन आज भिंतीवर होतं.

कारागृह खात्यापुढे तेव्हा दोन नकाशे होते. एक सुरक्षा समितीचा. सगळीकडून बंद काँक्रीटची खोली, कोपऱ्यात कॅमेरा, रात्रंदिवस जळणारा दिवा. गजाला ओढणी बांधून जीव देणाऱ्या बायका जुन्या तुरुंगांनी पाहिल्या होत्या, तेव्हा गजच नकोत, खिडकीच नको, असा समितीचा हिशेब. खिडकी नको हे हर्षदालाही मान्य होतं. पण खिडकी नको म्हणजे सूर्य नको, हे तिला मान्य नव्हतं. म्हणून दुसरा नकाशा तिचा होता.

युक्ती ऐकायला साधी होती. छतावर भिंगांची एक फिरती थाळी बसवलेली होती. तिला सगळे सूर्यफूल म्हणत. ती दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरे, ऊन वेचून घेई आणि केसाएवढ्या बारीक काचेच्या तारांमधून खाली सोडी. नळातलं पाणी जसं वळणं घेत घरात येतं, तसं ऊन त्या तारांतून वळणं घेत कोठडीत येई. सूर्य चढे तसा कवडसा भिंतीवरून सरके, दुपारी फरशीवर उतरे, संध्याकाळी पलीकडच्या भिंतीवर तांबूस होऊन विझे.

त्याच तारांना दुसरंही काम होतं. गिलाव्यात पसरलेल्या काही तारांमधून डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे ठोके सतत जात असत. काच कितीही स्वच्छ असो, थोडा उजेड कणाकणाने माघारी येतोच. भिंत जरा हलली, तार जरा ताणली, की त्या माघारी येणाऱ्या उजेडाची लय चुकते. कुणी चमच्याने गिलावा खरवडायला घेतला तर पहिल्या ओरखड्याला कळे, तेही नेमकं कुठे ते. आणि सगळं निवांत असलं की ओट्यावर निजलेल्या बाईच्या श्वासाने दगड जेवढा हलतो, तेवढंही कळे. श्वास अडखळला, कुणी गळ्याभोवती काही आवळलं, तर पहाऱ्यावरच्या शिपायाला त्याच क्षणी इशारा. म्हणून कॅमेरा नको, आणि रात्री दिवाही नको.

तुरुंगात माणसाला अंधार मिळत नाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि त्याला चावी द्यायचं काम सकाळचं ऊन आणि रात्रीचा काळोख हे दोघे मिळून करतात. ह्या कोठड्यांच्या नव्या बराकीत पहिल्या रात्री काळोख पडू दिला, तेव्हा बायका अशा झोपल्या की सकाळच्या गिणतीला त्यांना हलवून उठवावं लागलं.

कोकणातल्या पावसाळ्यात काय करणार, असं खात्याने विचारलंच होतं. हर्षदाने त्याचीही तजवीज केली होती. सूर्यफुलाच्या पोटात एक पूरक दिवा होता. आभाळ भरून आलं की तो आपोआप लागे आणि उन्हाच्याच रंगाचा उजेड त्याच तारांमधून खाली पाठवी. इतका हुबेहूब की शरीरातल्या घड्याळाला फरक कळू नये. त्या दिव्याचा हर्षदाला फार अभिमान होता. पावसाळा निभला की राज्यातल्या सगळ्या कोठड्या तिच्या नकाशाने बांधायच्या, असं ठरत आलं होतं.

यमुनाबाई बनगर ज्येष्ठात नव्या बराकीत आली, ती स्वतः मागून घेऊन. बाई माणदेशातली, साठीला टेकलेली. बांधावरच्या भांडणात तिच्या हातातलं खुरपं चुलतदिराला लागलं आणि तो गेला, म्हणून जन्मठेप. आल्या आल्या तिने गिलाव्यावर तळवा ठेवला.

"भिताडाला कान असत्यात असं नुसतं म्हणायचे. तुमी खरंच लावलं व्हय?"

"बोलणं नाही ऐकत, मावशी," हर्षदा म्हणाली. "शब्द गाळून टाकलेत. फक्त हालचाल कळते, श्वास कळतो."

"म्हंजे घोरलेलं कळतंय."

"ते कळतं."

"मग ह्या रोझीबाईला एकदा हितं निजवा."

रोझी दाराशी खो खो हसली. यमुनाबाई मात्र हसली नाही. ती ओट्यावर बसली आणि हर्षदालाही तिने हाताने खूण करून बसवलं.

"ताई, माझा एक नेम हाय. चातुर्मासात सूर्यनारायणाचं दर्शन झाल्याबिगर अन्न घ्यायचं न्हाई. दिसला तर अर्घ्य द्यायचं आन् मग खायचं. न्हाई दिसला तर त्या दिवशी पाण्यावर. आमच्याकडं सगळ्या बाया धरत्यात. तिकडं काय, आभाळ कोरडं ठाक, सूर्यनारायण कधी चुकतोय? कधी जड गेला न्हाई. मग माझी बदली केली हितं कोकणात. गेल्या श्रावणात चार चार दिस पोटात काय न्हाई. डाक्टरनं सुया खुपसून ठेवल्या."

"आजारी माणसाला नेमातून सूट असते म्हणतात, मावशी."

"असती की." यमुनाबाईने पदर सारखा केला. "पर बघा, हितं उठायचं घंटेवर, निजायचं घंटेवर, भूक लागायची ती बी घंटेवर. माझ्या मनानं मी धरलेलं असं एवढंच ऱ्हायलंय. ते सोडलं तर मग माझ्यात मी किती उरले?" जरा थांबून तिने विचारलं, "हितं ऊन येतंय असं ऐकलं. पावसाळ्यात बी येईल?"

"येईल," हर्षदा म्हणाली. ती उत्साहात होती. त्या दिवसांत कुणी तिला चंद्राचं विचारलं असतं तरी तिने येईल म्हणून सांगितलं असतं.

आषाढ लागला आणि कोळंबखाडीवर आभाळ फाटलं. दरड कोसळून वाट बंद झाली. हर्षदा रत्नागिरीत बसून रोज पडद्यावर नव्या बराकीचे श्वास पाहत असे. बायकांची झोप सुधारली होती, भांडणं कमी झाली होती. आणि सगळ्यात सुंदर रेघ यमुनाबाईची होती. शांत, लांब, निजलेल्या मुलासारखी. अधीक्षक नलिनी वाघचौरे फोनवर भरभरून बोलत. "गेल्या वर्षी ह्याच बाईला आम्ही दोनदा इस्पितळात हलवलं होतं. यंदा रोज जेवते, वजन वाढलंय. समितीला मी हीच बाई दाखवणार आहे."

हर्षदाच्या डोक्यात तेव्हाही काही आलं नाही. आनंदात माणूस असं आंधळं होतं.

श्रावणात वाट सुरू झाली तशी ती पहिल्या गाडीने आली. गाडीपासून बराकीपर्यंत धावताना नखशिखांत भिजली. दार उघडलं तर आत लख्ख ऊन. यमुनाबाई न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून भिंतीसमोर उभी होती. ओंजळीत पाणी, डोळे मिटलेले, ओठांत सूर्याची नावं. तिने तीनदा पाणी ताटलीत सोडलं, कवडशाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग भाकरी पुढ्यात घेतली.

हर्षदाच्या केसांतून पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

"या ताई. आन् एवढं भिजलात कशानं?"

"पाऊस आहे बाहेर. आठ दिवस उघडलाच नाही."

"आठ दिस? आन् हितं बघा तरी." यमुनाबाईने भिंतीकडे कौतुकाने मान वेळावली. "करणी मोठी हाय तुमची. ते सूर्यफूल पार ढगाच्या वर उभं केलंय म्हणायचं. मी पलीकडच्या शेवंताला तेच सांगत हुते, तिला पटंना."

आता सांगायला हवं, हे हर्षदाला त्या क्षणी कळलं. पण भाकरीचा तुकडा मोडला गेला होता, वाटीतल्या आमटीत बुडाला होता, आणि बाईच्या तोंडावर इतकं समाधान होतं.

"हं," ती म्हणाली.

बाहेर येऊन ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकली. रोझीने तिच्या हातात चहा दिला. हर्षदाने सगळं सांगितलं. दिवा, नेम, ते एक 'हं'.

रोझी पावसाकडे बघत म्हणाली, "आमच्यात लेंटचे चाळीस दिवस असतात ना मॅडम, मी मटण-मच्छीला शिवत नाय. आता समजा मी विचारलं, बाये, ह्यात काय आहे. वाढणारीन म्हणाली डाळ आहे, आणि होता मटणाचा रस्सा. मी खाल्लं. पाप मला नाय, फादरपण तेच सांगतील. पण त्या वाढणारणीच्या हातचं पाणीसुद्धा मी परत पिणार नाय."

वाघचौरे मॅडमचं मत वेगळं होतं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "हर्षदा, एक शब्द बोलू नका. बाईच्या पोटात अन्न जातंय. देवाला काय तुमच्या दिव्याचं कळत नाही? त्याने चालवून घेतलंय, तुम्ही कशाला मध्ये पडता? पुढच्या आठवड्यात समिती येतेय. ती उपाशी बसली तर ते म्हणतील, ऊनबीन राहू द्या, काँक्रीट ओता. मग राज्यातल्या सगळ्या बायका त्या डब्यात जातील. एका बाईच्या नेमापायी."

हे खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. हर्षदा एक दिवस गप्प राहिली. दुसऱ्या सकाळी तिला अन्न गेलं नाही. तिसऱ्या सकाळी, अर्घ्याच्या आधी, ती कोठडीत जाऊन उभी राहिली.

"मावशी, सूर्यफूल ढगाच्या वर नाहीये. इथेच छतावर आहे. आभाळ असलं की त्यात दिवा लागतो. हा दिवा आहे."

यमुनाबाईची ओंजळ हळूहळू खाली आली. पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

"आषाढापासनं?"

"ज्या ज्या दिवशी ऊन नव्हतं, त्या दिवशी."

"म्हंजे आषाढापासनंच." ती ओरडली नाही, रडली नाही. कवडशाकडे बघताना तिचा चेहरा, गर्दीत कुणाला आपलं म्हणून हाक मारावी आणि वळून बघितलं तर तोंड परकं निघावं, तसा झाला. "ताई, तुमी सांगितलं असतंत की न्हाई आलं ऊन, तर मी न्हाई म्हणून बसले असते. उपाशी ऱ्हायची मला सवय हाय. फसायची न्हाई."

"चुकलं माझं."

"ते इजवा आदी."

हर्षदाने त्या कोठडीपुरता दिवा बंद करायला सांगितलं. कवडसा गेला. यमुनाबाईने घोंगडी उलटी अंथरली, डोकं होतं तिकडे पाय केले, आणि भिंतीकडे पाठ करून बसली. ताट तसंच परत गेलं.

दुसऱ्या दिवशीही परत गेलं. पडद्यावरची ती सुंदर रेघ तुटक झाली. बाई झोपत नव्हती. भिंतीला ते कळत होतं, पण त्यावर काय करावं हे भिंतीला कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितलं, उद्या दुपारी चारपर्यंत वाट बघू, मग इस्पितळ.

वाघचौरे मॅडम आता रागावतही नव्हत्या. "इस्पितळात नेलं की प्रयोग फसला असं लिहून जाणार. मला ते थांबवता येणार नाही."

त्याच वेळी हर्षदाचा फोन वाजला. घाटापलीकडून जमीर मुलाणी बोलत होता. जमीर तिचा जोडीदार इंजिनिअर. तो माणदेशातल्या खडकमाळच्या खुल्या कारागृहात दुसरं सूर्यफूल बसवायला गेला होता.

"मॅडम, छत्री पाठवा हो एक."

"तिकडे पाऊस आहे?"

"पावसासाठी नाही, उन्हासाठी. श्रावण असून टाळू भाजतेय. ढग येतात, तोंड दाखवतात नि जातात. इथली माणसं म्हणतात, आमच्या वाटणीचा सगळा पाऊस तुम्हीच..."

"जमीर, थांब." हर्षदा उठून उभी राहिली. "तू आत्ता कुठे आहेस? छतावर? आणि व्हिडिओ सुनावणीची तार कुठून जाते?"

"खालच्याच खोलीतून. का?"

तिच्या डोक्यात जे पेटलं होतं ते बोलण्याच्या वेगात मावत नव्हतं. साध्या काचतारेत उजेड काचेतूनच चालतो आणि चालता चालता झिजतो. छतापासून कोठडीपर्यंत ठीक, पण घाट ओलांडून येताना तो वाटेतच संपेल. मात्र तुरुंग आणि न्यायालयं जोडायला राज्याने नुकत्याच नव्या तारा टाकल्या होत्या. त्या बांबूसारख्या आतून पोकळ होत्या. त्यांच्यात उजेड काचेतून धावतच नाही, मधल्या रिकाम्या जागेतून धावतो. भोवतीची काच त्याला बाहेर सांडू देत नाही, एवढंच तिचं काम. अशा तारेच्या एका टोकाला माणदेशचं ऊन सोडलं तर दुसऱ्या टोकाला दहातला एक वाटा पोचावा. सगळे रंग यायचे नाहीत. त्या तारांच्या घडणीत केशरी-तांबड्याचा एक पट्टा तेवढा बसत होता. पण तो सूर्यातून निघालेला, घाटाखाली उतरलेला, तोच उजेड असेल. त्याचं चित्र नव्हे, त्याची नक्कल नव्हे.

"जमीर, राखीव धागे किती आहेत?"

मग जमीरचा आवाज बदलला. "मॅडम, तुम्ही वेड्या आहात. दोन डझन आहेत. मी चाललो खाली."

वाघचौरे मॅडमने सगळं ऐकून कपाळ चोळलं. "न्यायालयाच्या तारेतून ऊन न्यायचं म्हणता."

"रिकाम्या धाग्यांतून. सुनावणीचे धागे वेगळे आहेत."

"उद्या तीन वाजता एका बाईच्या जामिनाची सुनावणी आहे. तिचं चित्र जरी हललं ना, तर मी तुम्हालाच आत घालीन." त्यांनी फोन उचलला. "कराडच्या जोडणीवर कोण माणूस असतो? हो, आत्ता. होय, उन्हासाठीच. ऊ, न. तुम्ही बरोबर ऐकलंत."

सकाळपासून घाटाच्या दोन्ही अंगांना धावपळ होती. तिकडे जमीर सूर्यफुलाच्या पोटात तारांची टोकं बसवत होता. केसाच्या जाडीहून बारीक तोंड, आणि त्यात सूर्य ओवायचा. इकडे हर्षदा फरशीवर पालथी पडून कोठडीच्या तारांना पोकळ तारेचं टोक जोडत होती. यमुनाबाई पाठ करून बसलेलीच होती. तिने एकदाच विचारलं, "आता काय नवीन?" हर्षदाने जे होतं ते सांगितलं. होईल की नाही ठाऊक नाही, हेही सांगितलं.

बारा वाजता काही नाही. एक वाजता काही नाही. दीडच्या सुमाराला जमीर म्हणाला, "आता बघा."

भिंत तशीच करडी होती. मग रोझीने, जिचे डोळे सगळ्यांत तेज, हळूच बोट केलं. "मॅडम, ते काय?"

गिलाव्यावर तीळ पडावा एवढा एक ठिपका होता. शेंदरी. कवडसा नव्हता, उजेडही म्हणवला नसता. पण निखाऱ्याच्या टोकासारखा तो आतून जिवंत होता. हर्षदा भिंतीकडे सरकली. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत आठ मिनिटं, आणि माणदेशापासून इथवर पापणी लवायच्या आत. "जमीर, आला," ती म्हणाली. "अरे, आला तो." पलीकडून जमीरने शीळ घातली, ती सगळ्या कोठडीत घुमली, कारण फोनचा आवाज मोठा केलेला होता.

यमुनाबाई वळली. बराच वेळ तिने त्या ठिपक्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ह्यो दिवा न्हाई कशावरनं?"

"तुम्हीच विचारा त्याला," हर्षदाने फोनकडे बोट केलं.

ती फोनजवळ सरकली. "कोण हाय रं तिकडं?"

"जमीर मुलाणी, मावशी. खडकमाळच्या छतावर."

"तिथनं शंभू महादेवाचा डोंगर दिसतोय का?"

"दिसतो की. उत्तरेला. वर पांढरा ढग बसलाय."

तिने मान हलवली, पण तांब्याला हात लावला नाही. आणि तेवढ्यात ठिपका मंदावला. शेंदराचा तपकिरी झाला, तपकिरीचा काही नाही. भिंत पुन्हा करडी. वाघचौरे मॅडमच्या तोंडून सुस्कारा निघाला. अडीच वाजून गेले होते.

"मॅडम," फोनवर जमीर दबक्या आवाजात म्हणाला, "सूर्यावर ढग आलाय. मोठा आहे, लवकर हलेल असं वाटत नाही. माझ्याकडे टॉर्च आहे, भिंगाला लावतो. तेवढाच ठिपका पडेल. मावशींना काय कळतंय."

रोझीने छताकडे पाहिलं. वाघचौरे मॅडमने हर्षदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत अगदी स्पष्ट लिहिलं होतं: लाव म्हणा.

"नको," हर्षदा म्हणाली. "टॉर्च बंद कर आणि खिशात ठेव. थांबू आपण."

"पण चार वाजता..." जमीर म्हणाला.

"थांबू म्हटलं ना."

"आन् मला कळंल की रं, बाळा," यमुनाबाई फोनकडे तोंड करून म्हणाली.

पलीकडे जमीरची जी गाळण उडाली ती इकडे ऐकू आली. रोझीने पदराचं काम रुमालावर भागवत तोंड दाबून घेतलं. आणि ह्या सगळ्यात, तीन दिवसांत पहिल्यांदा, यमुनाबाईचा चेहरा सैल झाला. तिने घोंगडी उचलली, झटकली, आणि पूर्वीसारखी सरळ अंथरून भिंतीकडे तोंड करून बसली.

"दिवा असता तर गेला नसता," ती म्हणाली. "दिवा कशाला जाईल? त्याला कुठं ढग आडवा येतोय. ह्यो गेला म्हंजे तोच हाय."

हर्षदाने आयुष्यभर न विझणारा उजेड बनवायचा ध्यास घेतला होता.

"आन् ताई, तुमचा तो दिवा काढून टाकू नका. शेवंता काळोख्या दिवसाला भिती, तिला लागतो. नुसतं त्याला दिव्यावानी दिसू द्या. खाली कोनाड्यात ठेवा, समईजोगा. भिताडावर उन्हाच्या जागी नको."

"तसाच बसवते. सगळ्या कोठड्यांत."

"सगळ्या कोठड्या व्हायच्या असतील तर," वाघचौरे मॅडम पुटपुटल्या आणि खाली बसल्या. अधीक्षक कैद्याच्या फरशीवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. चौघी भिंतीकडे बघत राहिल्या. तीन वाजता दूरच्या खोलीत सुनावणी सुरू झाली. तिथे कुणाचं चित्र हललं नाही, त्याच तारेतून एक बाई आपल्या जामिनासाठी बोलत होती. साडेतीन झाले. डॉक्टर दाराशी येऊन उभे राहिले. मॅडमने त्यांना हाताने थांबवलं.

"सुटतोय," जमीर म्हणाला. "कड सुटतेय, मावशी. आता..."

त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच भिंतीवर तीळ पेटला. आधी काजळी, मग शेंदूर, मग असा लखलखीत की आजूबाजूच्या चुन्याचे कण दिसू लागले.

यमुनाबाई ओट्याचा आधार घेऊन उठली. रोझीने धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. ओंजळीतून तीनदा पाणी सोडलं. तिसऱ्या वेळी ताटलीत न सोडता थेट भिंतीवर, आणि तो ओघळ ठिपक्यावरून जाताना क्षणभर सगळा केशरी झाला. तिने ठिपक्याला बोट लावलं, ते कपाळाला लावलं, आणि मग हर्षदाच्या कपाळाला लावलं.

ताट आलं. भाकरी, आमटी, भोपळ्याची भाजी. तिने तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडाशी नेला आणि थांबली.

"जमीर."

"हां, मावशी."

"सकाळपासनं छतावर हायस. तू खाल्लंस का काय?"

"कुठलं खाणं. डबा पडलाय तसाच."

"घे मग. उघड तो."

"तुम्ही जेवा आधी, तुमचा तीन दिवसांचा उपास आहे."

"तू उघड. मला हितनं ऐकू येतंय."

घास हातात धरून ती बसून राहिली. घाटाच्या पलीकडून, माणदेशच्या वाऱ्यातून, डब्याचं झाकण निघाल्याचा खणकन आवाज आला. मग यमुनाबाईने घास घेतला.